गोड्या पाण्यातली पाणबुडी

पाणबुडी म्हटली की समुद्र आठवतो, आणि सातारा-सांगलीला समुद्र नाही. त्यामुळे रिमोटवर चालणाऱ्या पाणबुडीची मॉडेलं करण्याचा छंद या भागात टिकेल का, असं कुणी विचारलं तर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: हे मुंबई-गोव्याकडचं काम. माझं मत याच्या नेमकं उलटं आहे. सबमर्सिबल मोटारी उघडणं, जळालेलं वाइंडिंग काढून नवं भरणं, लेथवर शाफ्ट आणि बुश जुळवणं या कामात वर्षं गेली की पाणी, वीज आणि यंत्र यांचं कुठं जमतं आणि कुठं बिनसतं याचा अंदाज हाताला येतो. त्या अंदाजावर मी हे लिहितो आहे. रिमोटच्या पाणबुडीला समुद्र मानवतच नाही. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, आणि जिथून वीज सहज वाहते तिथं रेडिओची लहर तग धरत नाही. खेळण्यातल्या गाड्यांसाठी वापरतात ती २७ मेगाहर्ट्झची लहर समुद्राच्या पाण्यात दर पाच सेंटिमीटरला जेमतेम एकतृतीयांश जोराची उरते. वीतभर खाली गेलेल्या मॉडेलला काठावरच्या माणसाचं काहीच ऐकू येत नाही. खऱ्या पाणबुड्यांचीही हीच अडचण असते. त्यांच्याशी बोलण्यासाठी आपल्या नौदलाला तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आयएनएस कट्टबोम्मन हे केंद्र उभारावं लागलं. तिथून अगदी कमी वारंवारतेच्या, लांबच लांब लहरी सोडल्या जातात, कारण खाऱ्या पाण्यात थोड्याफार शिरतात त्या तेवढ्याच. गोड्या पाण्यात मात्र साधी २७ मेगाहर्ट्झची लहर काही मीटर खोल पोचते. हे लक्षात घेतलं तर या छंदाची खरी जागा किनाऱ्यावर नाही, घाटावर आहे.

हा छंद संपत चालला आहे असं जगभर म्हटलं जातं, आणि त्यामागे खरी कारणं आहेत. रिमोट कंट्रोलची सुरुवातच पाण्यावर झाली. १८९८ मध्ये निकोला टेस्लाने न्यूयॉर्कमध्ये रेडिओवर चालणारी छोटी नाव लोकांना दाखवली, विमानं आणि मोटारी त्यानंतर आल्या. पुढे विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत जर्मनीतल्या रोब्बे आणि एंगेलसारख्या कंपन्यांनी पाणबुडीचे तयार संच विकले. रोब्बेचं सीवुल्फ हे मॉडेल तर अनेक देशांत पोचलं. मग साधारण २००५ नंतर रिमोटचा सगळा बाजार २.४ गिगाहर्ट्झकडे वळला. विमान उडवणाऱ्यांना त्याचा फायदाच झाला, कारण एकाच्या रिमोटने दुसऱ्याचं विमान कोसळण्याचा धोका गेला. पण ही वारंवारता जवळपास मायक्रोवेव्ह ओव्हनचीच आहे. ती लहर पाण्यात शोषली जाऊन तिची उष्णता होते, आणि गोड्या पाण्यातसुद्धा ती वीतभर खोलीच्या पुढे टिकत नाही. अमेरिकेतले ७५ आणि युरोपातले ४० मेगाहर्ट्झचे जुने सेट दुकानांतून नाहीसे झाले. पाणबुडीवाले आता ते जुन्या बाजारात शोधत फिरतात आणि क्रिस्टल जिवापाड जपतात. २०१० नंतरच्या दशकात रोब्बे आणि ग्राउपनर ही मॉडेलच्या धंद्यातली दोन जुनी नावंही आर्थिक अडचणीत येऊन मूळ रूपात उरली नाहीत. संच नाही, सेट नाही, म्हणजे छंद नाही, असा हा हिशेब आहे. दुकानात जाऊन वस्तू आणणं म्हणजेच छंद, असं ज्याला वाटतं त्याच्यापुरता तो हिशेब बरोबर आहे.

मला तो पटत नाही, कारण या छंदातल्या कठीण गोष्टी दुकानात कधीच मिळत नव्हत्या. कठीण गोष्टी दोनच: फिरता शाफ्ट पाण्यात नेऊन पाणी आत येऊ न देणं, आणि यंत्राचं वजन पाण्याच्या वजनाशी काट्यावर जुळवणं. यातल्या पहिल्या कामात सांगली जिल्ह्याचा हात जुना आहे. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. नांगराने सुरू झालेला तो कारखाना पुढे पंपांचा झाला. त्याच्या आसपास आणि त्याच्या प्रभावाखाली पलूस, मिरज, कुपवाड, कराड या पट्ट्यात फाउंड्री, लेथ आणि वाइंडिंगची दुकानं उभी राहिली. आज इथल्या कुठल्याही बाजाराच्या गावात ग्लँडची दोरी, ऑइल सील, ओ-रिंग, मेकॅनिकल सील मागितलं की दुकानदार माप विचारतो, काय असतं ते विचारत नाही. परदेशातल्या छांदिष्टाला हेच सामान शोधायला यादी घेऊन फिरावं लागतं.

त्याहून मोठी गोष्ट बोअरच्या मोटारीची आहे. लोकांना वाटतं की सबमर्सिबल मोटारीत पाणी शिरू नये म्हणून ती घट्ट बंद केलेली असते. आपल्याकडे सर्रास वापरात असलेल्या पाणी भरायच्या मोटारीत असं काही नसतं. ती विहिरीत किंवा बोअरमध्ये सोडण्याआधी आपणच तिच्यात स्वच्छ पाणी भरतो. वाइंडिंगच्या तारेवर प्लास्टिकचं आवरण असतं, बेअरिंगला तेच पाणी वंगण म्हणून चालतं, आणि खालच्या रबरी डायफ्रॅममुळे आतला दाब बाहेरच्या दाबाइतका राहतो. वरचं सील असतं ते मुख्यतः वाळू आणि गाळ अडवायला. पाण्याशी भांडायचं नाही, त्याला आत घेऊन बरोबरीला आणायचं, हा तो विचार आहे. साधारण २०१४ पासून अमेरिकेतल्या ब्लू रोबोटिक्ससारख्या कंपन्यांनी पाण्याखालच्या छोट्या यंत्रांसाठी असे थ्रस्टर बाजारात आणले की ज्यांच्या ब्रशलेस मोटारीतून पाणी आरपार जातं आणि वाइंडिंगवर इपॉक्सीचा लेप असतो. छंदाच्या जगात ती मोठी सुधारणा मानली गेली, आणि ती आहेच. पण तिच्या मुळाशी असलेली कल्पना तासगाव किंवा वाळव्यातल्या रिवाइंडिंगवाल्याला समजावून सांगावी लागणार नाही. त्याने तशी मोटार शेकडो वेळा उघडून पुन्हा भरलेली आहे. म्हणून मी म्हणतो की या छंदाचं भविष्य मॉडेलच्या दुकानावर अवलंबून नाही, ते पंपाच्या दुकानावर अवलंबून आहे.

बाकीचं सामानही याच बाजारातलं. पाणबुडीच्या मॉडेलचं बाहेरचं कवच पाणी धरून ठेवत नाही, ते मोकळं असतं आणि त्यात पाणी भरतं. बॅटरी, रिसीव्हर, सर्व्हो हे सगळं आत एका बंद नळकांड्यात असतं. नळकांडं म्हणजे पीव्हीसी पाइपच. आपल्याकडे शेतकरी चार किलोचा, सहा किलोचा पाइप म्हणतो तो आकडा आतून येणाऱ्या दाबाचा असतो. बाहेरून चिरडणारा दाब हा वेगळा विषय आहे आणि खोल जायचं असेल तर तो वेगळा मोजावा लागतो. पण मॉडेल दीड-दोन मीटरच्या खाली जात नाही, आणि दर मीटरला दाब वाढतो तो फक्त चौरस सेंटिमीटरला शंभर ग्रॅम. दोन्ही टोकांना लेथवर खाच मारलेली अॅक्रिलिकची चकती आणि तिच्यात ओ-रिंग बसवली की काम झालं. गळती तपासायची रीत पंक्चरवाल्याची: आत थोडी हवा भरायची, नळकांडं पाण्याच्या पिंपात दाबून धरायचं आणि बुडबुडा कुठून येतो ते पाहायचं. बुडण्यासाठी आणि वर येण्यासाठी आतल्या टाकीत पाणी आत-बाहेर करायला बॅटरीवरच्या फवारणी पंपातला बारा व्होल्टचा छोटा डायफ्रॅम पंप चालतो, आणि तो द्राक्षपट्ट्यात खेडोपाडी दुरुस्त होतो. टाकी किती मोठी लागते याबद्दल नवखे लोक हमखास चुकतात. कवच मोकळं असल्यामुळे पाण्यावर तरंगताना जेवढं साहित्य पृष्ठभागाच्या वर राहतं, तेवढ्याच आकारमानाचं पाणी आत घ्यायचं असतं. दहा किलोच्या मॉडेलला बहुधा अर्धा-पाऊण लिटर पुरतं. जड सामान तळाशी आणि हलका फोम वर, हे पाळलं नाही तर पाणबुडी बुडायच्या आधी कुशीवर होते.

रेडिओचा प्रश्न मात्र पाइप आणि ओ-रिंगने सुटत नाही, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना २००५ पासून विनापरवाना खुला आहे, ही आपल्या बाजूची गोष्ट. परदेशातला ४० किंवा ७५ मेगाहर्ट्झचा सेट आणण्याआधी इथले नियम पाहावेच लागतील. पण पट्टा खुला असून भागत नाही. लहर किती खोल जाईल हे पाणी ठरवतं, आणि त्याचं मोजमाप इथल्या द्राक्षबागायतदाराच्या खिशात आहे. पाण्याचा ईसी किती, हे तो खत सोडण्याआधी पाहतो. ईसी म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते त्याचं माप. ईसी ०.३ असेल तर २७ मेगाहर्ट्झच्या लहरीचा जोर दर मीटरला जवळपास निम्मा होतो, हे चालण्यासारखं आहे. तोच ईसी २ वर गेला तर मीटरभरात जोर तिसाव्या भागावर येतो. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात, वाळवा-मिरजेच्या बाजूला, जिथं उसाला वर्षानुवर्षं भरमसाट पाणी दिल्याने जमिनी फुटल्या, तिथल्या विहिरींत असं पाणी सहज सापडतं. म्हणजे ज्या पाण्याने जमीन बिघडली त्याच पाण्यात रेडिओही मुका होतो. मला यात नुसती गंमत दिसत नाही. शाळेतल्या मुलाला क्षारपड म्हणजे काय हे पुस्तकातून सांगण्यापेक्षा दोन विहिरींतल्या एकाच मॉडेलच्या वागण्यातून जास्त चांगलं समजेल.

मग पाणी कुठलं? कृष्णा, वारणा आणि येरळा पावसाळ्यात गढूळ असतात आणि वाहतं पाणी मॉडेलला घेऊन जातं. कोयनेचा शिवसागर आणि धोमचा जलाशय मोठे आहेत, पण धरणाच्या पाण्यात परवानगीशिवाय यंत्र सोडणं योग्य नाही, आणि पाण्याखालचं कसलंही यंत्र पाहून धरणावरच्या लोकांनी संशय घेतला तर चूक त्यांची नाही. साताऱ्याजवळचा कास तलाव जैवविविधतेसाठी जपायचा आहे, तिथं हा खेळ नको. साताऱ्यातलं मंगळवार तळं किंवा मिरजेतला गणेश तलाव शहराच्या पोटात आहेत, पण तळाचा गाळ आणि पाणवनस्पती प्रोपेलरला गुंडाळतात. माझ्या मते सगळ्यांत चांगलं पाणी दुष्काळी तालुक्यांत आहे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव या भागांत गेल्या काही वर्षांत प्लास्टिकचं अस्तर घातलेली शेततळी झाली. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ मध्ये आली, आणि त्यातलं मोठं शेततळं तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल असतं. म्हैसाळ, टेंभू, ताकारीच्या उपसा योजनांचं पाणी अनेकांत येतं. पाणी स्थिर असतं, गाळ कमी, खोली माहीत, तळाला झाडाचा बुंधा नाही. जगात अशा पाण्यासाठी छांदिष्ट पोहण्याचे तलाव भाड्याने घेतात. मात्र याच अस्तरावर शेवाळ धरलं की पोहता येणाऱ्या माणसालाही वर चढता येत नाही. शेततळ्यातल्या मृत्यूंच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. म्हणून कुंपण, काठाला बांधलेली गाठीची दोरी, तरंगती ट्यूब आणि पोहणारा मोठा माणूस हे चारही असल्याशिवाय मुलांना तिथं नेऊ नये. मॉडेल तळाला गेलं तर ते दोरीला बांधलेल्या गळाने काढायचं, त्यासाठी कुणी पाण्यात उतरायचं नाही.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा आहे की आजच्या मुलाला ड्रोन हवा, आणि पाण्याखाली गेली की जी दिसतच नाही अशी वस्तू त्याला कशाला हवी? ड्रोनची ओढ मी नाकारत नाही. पण ड्रोन बहुतेक वेळा विकत येतो, हवेत तो स्वतःच स्थिर राहतो, आणि बिघडला की सुट्या भागाची वाट पाहावी लागते. २०२१ च्या ड्रोन नियमांनंतर नोंदणी आणि हवाई हद्दीचे हिरवे, पिवळे, लाल पट्टे यांचाही विचार करावा लागतो. पाणबुडी दिसेनाशी होते हीच तर तिच्यातली शिकण्याची जागा आहे. दिसत नाही म्हणून चालवणाऱ्याला वेळ, वेग आणि वळण मनात धरावं लागतं, आणि संपर्क तुटला तर यंत्राने काय करायचं हे आधी ठरवून ठेवावं लागतं. लहर तुटताच टाकीतलं पाणी बाहेर फेकून वर यायचं, ही तरतूद चांगल्या मॉडेलमध्ये असतेच. नवख्याने तर मुळातच तरंगणारं मॉडेल करावं, जे फक्त वेगात असताना पंखांच्या जोरावर खाली जातं आणि मोटार थांबली की आपोआप वर येतं. आपल्या भागाला ही सवय नवी नाही. रात्री-अपरात्री वीज येते तेव्हा घरात बसून मोबाइलवरून विहिरीवरची मोटार चालू करणारे ऑटो स्टार्टर इथं गावोगाव आहेत. पुण्यात तयार झालेली नॅनो गणेश ही त्यातली गाजलेली यंत्रणा. न दिसणारं यंत्र दुरून चालवणं आणि ते बंद पडलं तर काय, याची काळजी करणं शेतकऱ्याच्या रोजच्या जगण्यात आहे.

दुसरा आक्षेप अभियांत्रिकीच्या बाजूने येतो: पुढचा काळ स्वतःहून चालणाऱ्या यंत्रांचा आहे, मग रिमोटला चिकटून काय मिळणार? आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांची ‘मत्स्य’ ही स्वयंचलित पाणबुडी गेली अनेक वर्षं सुधारत आली आहे, चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था विद्यार्थ्यांसाठी अशा यंत्रांची स्पर्धा घेते, आणि तिथं २.४ गिगाहर्ट्झचा प्रश्नच येत नाही. हे काम मोलाचं आहे. पण ते चमूचं काम आहे. त्याला प्रयोगशाळा, कॅमेरे, संगणक आणि पैसा लागतो आणि विद्यार्थी पदवी घेऊन गेला की त्याचा संबंध सुटतो. छंद एका माणसाच्या हातात वीस-पंचवीस वर्षं राहतो. शिवाय दोन्हींच्या मधली वाट मोकळी आहे. पाण्यावर बुचासारखी तरंगणारी छोटी फळी ओढत न्यायची, तिच्यावर साधा २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर ठेवायचा आणि तिथून पातळ तार खाली पाणबुडीत सोडायची. नौदलंही तरंगत्या अँटेना वापरतात, मग मॉडेलला त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. काही जाणकार म्हणतात की तार आली की पाणबुडीची शान गेली. मला ते मान्य नाही. क्षारपडीच्या विहिरीत मुकं पडलेलं मॉडेल शानदार नसतं.

उपयोग काय, हा प्रश्न तर कुठल्याही छंदाला विचारला जातोच. उपयोगच दाखवायचा तर पाण्याखालचं काम या भागात आहे. कोयनेत १३ मार्च १९९९ ला आणि पुन्हा २५ एप्रिल २०१२ ला जलाशयाच्या तळाखालून बोगदा नेऊन शेवटचा खडक उडवला आणि सरोवर खालून छेदलं. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने धरणांची नियमित तपासणी बंधनकारक केली, आणि भिंतीचा पाण्याखालचा भाग पाहण्यासाठी दूरनियंत्रित यंत्रं वापरली जातात. कोयनेच्या भिंतीला १९६७ च्या भूकंपात तडे गेले होते, तेव्हा या भागाला पाण्याखालच्या कामाचं महत्त्व सांगायची गरज नसावी. तरी मी हा छंद नोकरीची पायरी म्हणून विकणार नाही. त्याची खरी गरज मला वेगळ्या जागी दिसते. कराडजवळच्या ओगलेवाडीत काचेचा कारखाना होता आणि त्याचा प्रभाकर कंदील घरोघर होता. कंदिलाची गरज सरली, कारखाना बंद पडला, आणि काच फुंकणारे हातही त्याबरोबर गेले. मिरजेत याच्या उलट झालं. हत्यारांचं काम करणारे शिकलगार, तलवारींचे दिवस सरल्यावर, एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. काम करणारा हात टिकला, कारण त्याने वस्तू बदलली. आमच्या वाइंडिंगच्या धंद्यावर आज तीच वेळ येते आहे. मोटारी स्वस्त झाल्या, जळाली तर नवीनच आणतात, सौरपंपाची मोटार कंपनीचा माणूस बदलून जातो, आणि दुकानात काम शिकायला पोरं येत नाहीत. पाणबुडीच्या मॉडेलने धंदा वाचेल असं मी म्हणत नाही. पण सील, वाइंडिंग आणि संतुलन या तीन गोष्टी मनापासून शिकाव्यात असं एखाद्या पोराला वाटायला लावणारी वस्तू मला दुसरी दिसत नाही.

यासाठी नवी संस्था काढायची गरज नाही. एनसीसीच्या नौदल शाखेत जहाजांची मॉडेलं करण्याची स्पर्धा असतेच. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ पासून मुलांना सैन्यदलांसाठी तयार करते आहे. सांगलीचं वालचंद महाविद्यालय १९४७ पासून अभियंते घडवतं, आणि तालुक्या-तालुक्यात आयटीआय आहेत. यांतल्या एखाद्या संस्थेने जवळच्या रिवाइंडिंग दुकानाशी आणि एखाद्या शेततळ्याच्या मालकाशी गाठ घातली तरी पुरे. वेळही आपोआप जुळतो. उन्हाळ्यात मोटारी जळतात तेव्हा दुकानात मान वर करायला फुरसत नसते, आणि आषाढ-श्रावणात शेतात पाणी असलं की टेबलं रिकामी पडतात. तेव्हा नळकांडी, सील आणि वाइंडिंग करावं. शेततळं भरून पाणी निवळतं ते दिवाळीनंतर. पहिलं संतुलन तेव्हा जुळवावं, शिशाचे तुकडे एकेक कमी करत. ते कायमचं जुळलं असं समजू नये, कारण पाणी तापलं की हलकं होतं: डिसेंबरात वीस अंशांच्या पाण्यात काट्यावर बसलेलं दहा किलोचं मॉडेल मे महिन्यात तीस अंशांच्या पाण्यात सुमारे पंचवीस ग्रॅमने जड पडतं आणि हळूहळू तळाकडे जाऊ लागतं. तेव्हा पाण्यात सोडण्याआधी थर्मामीटर बुडवायचा, ईसी पाहायचा, आणि मग शिसं काढायचं की घालायचं ते ठरवायचं.